रजेचं कारण: नाटक

आमच्या कारखान्यात दर जानेवारीत दोन-तीन रजेचे अर्ज असे येतात, की कारणाच्या रकान्यात एकच शब्द: नाटक. एचआरमध्ये नव्यानं आलेली मुलगी ते माझ्याकडं घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही पोरं आपली चेष्टा करतायत का?" चेष्टा नव्हती. तिघंही गडचिरोली-चंद्रपूरकडची. तिकडं धान घरात आलं की होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि आपल्या गावच्या नाटकाला घरी नसणं म्हणजे भाऊबीजेला घरी नसण्यासारखं, हे त्यांच्यातल्या नितेशनं तिला समजावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम्हीच या ना जी मॅडम एकदा. पाहून घ्याल."

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंग बघते. एक नग बनायला किती सेकंद लागतात आणि त्या सेकंदांचे किती पैसे होतात, हेच दिवसभर. नितेश आमच्याकडं व्हीएमसी मशीनवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी यंत्रावर, आहे, ठेकेदाराकडून. आरमोरी तालुक्यातला, आयटीआय झालेला, चौथं वर्ष. गेल्या साली त्यानं आपल्या डोक्यानं फिक्स्चरचा क्रम बदलून एका जॉबचा सायकल टाइम ९४ सेकंदांवरून ८१ वर आणला. त्याबद्दल १५ ऑगस्टला त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तर यंदा मी आणि सुधीर गेलोच. नितेशला म्हटलं, तूही गाडीतच चल. एरवी तो ट्रॅव्हल्स, एसटी आणि शेवटी मिळेल ती काळीपिवळी करत दीड दिवसानं घरी पोचतो.

दिवस पहिला: चाकण ते जालना

पहाटे साडेपाचला निघूनही चाकण ते शिक्रापूर हा तीसेक किलोमीटरचा तुकडा पावणेदोन तास चालला. कंटेनरमागं कंटेनर. सुधीर वैतागला होता, पण मागच्या सीटवर नितेश खुशीत होता. रांजणगाव, सुपे अशा एमआयडीसी येत गेल्या आणि तो प्रत्येक कारखाना गावाच्या नावानं ओळखत गेला. "इथं आमच्या वडशाचे दोन पोरं आहेत. इथं सिंदेवाहीचा एक. हे पत्र्याचं दिसते ना, इथं माझा आत्येभाऊ होता, आता तळेगावले गेला." मी पंचवीस वर्षं या रस्त्यानं येते-जाते. मला पाट्या वाचता येतात, त्याला आत कोण आहे ते माहीत.

नगरच्या पुढं हुरड्याचे मांडव लागले होते. थांबलो. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि राखेत भाजलेली वांगी. नितेशनं पहिल्यांदाच खाल्ला. "आमच्याकडं ज्वारी म्हणजे वऱ्हाडातली गोष्ट, आम्ही भातवाले," म्हणाला. एका राज्यातली दोन माणसं एकमेकांच्या धान्याची अशी ओळख करून घेत होती.

कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. तरी लगेच वाळूज येतं आणि पुन्हा कारखाने. १९८५ च्या सुमारास तिथं दुचाकींचा मोठा कारखाना आला, त्याच्या मागं त्याला माल पुरवणारे लहान-मोठे आले, आणि औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, नशीब फिरलं. मराठवाड्याच्या बाकी जिल्ह्यांचं तेवढं फिरलं नाही.

जालन्यात मुक्काम. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, पण शहर खरंच व्यापाऱ्याच्या नजरेनं बघण्यासारखं आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि दुसरीकडं सळयांच्या रोलिंग मिल. लोखंडाची खाण नाही, बंदर नाही, तरी भंगार आणून वितळवून सळई करणारं गाव. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत मिळाली, तिचा मोठा आधार असल्याचं लॉजच्या मालकांनी सांगितलं. रात्री जेवायला गेलो त्या खानावळीत मिलमधले कामगार बसले होते, सगळे हिंदी बोलणारे, बिहारचे. वाढणारा मुलगा मंठ्याचा. त्याचे दोन्ही भाऊ पुण्यात. म्हणजे बिहारातून जालन्याला, जालन्यातून पुण्याला. पुण्याची पोरं कुठं जातात हे आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा.

भाकरी, शेवभाजी आणि ठेचा अप्रतिम. जालन्याची मोसंबी या दिवसांत रस्त्याकडेला मिळते. डझनावर नको, सरळ पोतं घ्या; परतीच्या वेळी घेतलेलं बरं.

दिवस दुसरा: समृद्धीवरून हिंगणघाट, चंद्रपूर

जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये शेवटच्या तुकड्यासह पुरा झाला. गुळगुळीत, सरळ, आणि इतका एकसुरी की डोळे जड होतात. टायर जुने असतील तर या रस्त्यावर गाडी घालूच नका. हवा निघताना तपासा. खाण्याची सोय तुरळक आहे, डबा आणि पाणी बरोबर हवं. दर तासाला थांबून चालक बदललेला उत्तम.

झोप येऊ नये म्हणून नितेशनं खेळ काढला. पूर्वेकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये काय आणि पश्चिमेकडं येणाऱ्यात काय, ते ओळखायचं. मी वहीत दोन रकाने केले. कॉस्टिंगवालीला दुसरं काय सुचणार! पूर्वेकडं: दुचाकी, मोटारी घेऊन जाणारे लांबलचक ट्रेलर, बिस्किटं, रंगाचे डबे, फ्रीज. पश्चिमेकडं: कापसाच्या गाठी, सिमेंट, सोयाबीन, तांदूळ, आणि एक बांबूचा. एका मोटारींच्या ट्रेलरला मागं टाकताना नितेश ओरडला, "मॅडम, आपला ब्रॅकेट चाल्ला!" त्या मॉडेलमध्ये खरंच आमचा ब्रॅकेट लागतो. त्याच्या ८१ सेकंदांपैकी चार-पाच तुकडे आमच्यापुढं त्याच्याच गावाच्या दिशेनं चालले होते.

वर्ध्याजवळ उतरून हिंगणघाट गाठलं. जानेवारीत हिंगणघाटचा कापूस बाजार बघायलाच हवा. ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या, पांढऱ्या ढिगांच्या रांगा, हवेत तंतू. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. समुद्रपूरकडचे एक शेतकरी, साठीचे, पांढरं बंडी-धोतर, गाडीच्या दांडीवर बसून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटत होते. मी विचारलं, एकरी किती होतो? "पाऊस म्हणेल तेवढा," म्हणाले. देशाची कापसाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास. महाराष्ट्राची त्याहूनही खाली, कारण इथला बहुतेक कापूस कोरडवाहू. चीनमध्ये याच्या कितीतरी पट पिकतो. मी हे आकडे मनात जुळवत असताना त्यांनी माझी कॉटनची ओढणी चिमटीत धरली आणि विचारलं, "कुठली?" कोइमतूरची. "मंग आमचीच असंल," म्हणाले. "जिनिंगमधून गाठी तिकडंच जातेत."

खोटं नव्हतं. इथं सरकी वेगळी होते, १७० किलोची गाठ बांधली जाते आणि बरीचशी रुई दक्षिणेतल्या गिरण्यांकडं निघते. सूत, विणकाम, रंगाई, शिलाई पुढं. ज्या टप्प्याला जितके जास्त पैसे, तो टप्पा हिंगणघाटपासून तितका लांब.

चंद्रपूरला पोचेपर्यंत अंधार. सुधीरच्या ओळखीचे एक काका तिथं राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी लॉजवर उतरू दिलं नाही.

दिवस तिसरा: चंद्रपूर, नागभीड, आरमोरी

सकाळी तर्री पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा. ज्यांना पुणेरी पोह्यांची सवय आहे त्यांनी तर्री बाजूला मागावी. मी मागितली नाही आणि अर्धा तास शिंकत होते.

काकांनी गच्चीवर नेलं. दूर औष्णिक केंद्राच्या चिमण्या. "२,९२० मेगावॅट," ते म्हणाले. "आणि ती तार दिसते? तशीच एक लाइन इथून थेट पडघ्याला जाते. साडेसातशे किलोमीटर. मुंबईच्या दारात." १९९९ पासून ती चालू आहे, उच्च दाबाची एकदिशा वीज वाहणारी. राख इथं पडते, पाणी इथलं, उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर जातो तोही इथंच. आणि गंमत अशी, की जिल्ह्याच्या उत्पन्नाचा हिशेब करताना या कोळसा-विजेचं मोल चंद्रपूरच्या खात्यात धरतात, म्हणून कागदावर चंद्रपूर बरं दिसतं. "पैसा इथं थांबतो का, हा वेगळा रकाना आहे. तो कुणी छापत नाही," काका म्हणाले. हे वाक्य मला कॉस्टिंगच्या पहिल्या वर्षात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी अनुशेष काढला. आम्हा पुण्याकडच्यांना हा शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा. त्यांच्या आख्ख्या नोकरीचा तो विषय. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९८४ मध्ये अहवाल आला. पद्धत सोपी: रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पंपांची वीज, प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि कुठला जिल्हा तिच्यापेक्षा किती मागं आहे ते रुपयांत मांडायचं. बेरीज आली ३,१८६ कोटी. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा सुमारे २४, आणि उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे. "म्हणजे तुमच्याकडंही मागास आहेच," ते मला म्हणाले. खरं आहे, राजगडाच्या मागच्या बाजूला वेल्ह्याकडं गेलं की हे दिसतं.

"पण चूक कुठं झाली?" सुधीरनं विचारलं.

"त्यांनी फोटो काढला. फोटोतला माणूस उभा असतो. पुढं गेलेला माणूस थोडाच उभा राहतो?" १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली, निधीवाटपाचे निर्देश राज्यपालांकडं गेले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली, अंदाजित खर्च ३७२ कोटी. तो आता कित्येक हजार कोटींवर गेला आणि कालव्यांचं काम चालूच आहे. "मी नोकरीला लागलो तेव्हा चालू, निवृत्त झालो तेव्हा चालू. नातू इंजिनिअर होतोय." काकू आतून म्हणाल्या, "आता त्यांना जेवू तर द्या." ताटात वडा-भात, वर गरम तेलाची फोडणी. जिल्हा कितीही मागास असो, या वड्यांबाबत पुण्याचा अनुशेष मोठा आहे.

दुपारी मूल, सिंदेवाहीमार्गे नागभीडकडं. इथून जंगल, धानाच्या कापलेल्या बांध्या आणि तळी. जुने मालगुजारी तलाव, सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारीचं ते छोटं रूप, पण नितेशला लहानपणी वाटायचं की तलाव कुणाच्या तरी मामाचा आहे.

नागभीड तालुक्यात शिरल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एचएमटी तांदूळ माहीत आहे ना?" अर्थात. आमच्याकडं वर्षानुवर्षं तोच शिजतो. मला वाटायचं एखाद्या कंपनीचं नाव असावं. तो तांदूळ याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्यानं शोधला. दीडेक एकराचे धनी. आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी ऐंशीच्या दशकात निवडल्या, वर्षानुवर्षं पेरून पक्क्या केल्या. बाजारात नाव काय द्यायचं, तर तेव्हा मनगटी घड्याळ एचएमटीचं भारी, म्हणून एचएमटी. पुढं कृषी विद्यापीठानं त्यावरून पीकेव्ही एचएमटी हा वाण दिला. बी देशभर गेलं. दादाजींना नंतर पुरस्कार मिळाले, पैसा फारसा मिळाला नाही. २०१८ मध्ये ते वारले.

मला नितेशचं १५ ऑगस्टचं घड्याळ आठवलं. मी काही बोलले नाही.

दिवस चौथा: गाव

आरमोरीत राहण्याच्या सोयी मोजक्या. ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीत खोली आधी ठरवा. आमचा तो प्रश्न नव्हता. नितेशच्या आईनं ओसरीवर खाटा टाकल्या होत्या, त्यांवर नव्या चादरी, घडीच्या रेघा तशाच. थंडी पक्की, पहाटे शेकोटीशिवाय बसवत नव्हतं.

"या जी बाई, थकल्या असाल," म्हणत तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच पुढचा प्रश्न: "पोरगा तिथं बराबर जेवते का?"

सकाळी चुलत्याच्या खळ्यावर गेलो. धानाचा चुरणा व्हायचा राहिला होता. मळणीयंत्र उभं, माणसं बसलेली. शाफ्टचा कीवे, म्हणजे चावी बसवायची खाच, झिजून गेला होता. आरमोरीत लेथ आहे, पण कीवे काढायचं मशीन नाही, म्हणून नवा शाफ्ट परवाच नागपूरला करायला टाकलेला. चार मजुरांचा खाडा, दोन दिवस. नितेशनं जुना शाफ्ट हातात घेतला, अंगठा फिरवला. "चाळीस मिनिटांचं काम आहे हे, मॅडम. आपल्या गल्लीत तीन जण करून देतील." आणि मग जरा वेळानं, स्वतःशीच: "मी पण करून देईन. पण कशावर?"

आमच्या कारखान्याला मी नेहमी 'प्रति माणूस उत्पादन' काढते. त्या आकड्यात नितेशचं कौशल्य असतं असं धरून चालते. पण त्या ८१ सेकंदांमागं पस्तीस लाखांचं मशीन आहे, न जाणारी वीज आहे, आणि टूल तुटलं तर वीस मिनिटांत नवं आणून देणारा मोटारसायकलवाला आहे. इथं तेच हात खळ्यावर शाफ्टकडं बघत बसले होते.

दुपारी ओसरीवर वही काढली. त्याच्या बाबांना विचारून हिशेब मांडला. जमीन अडीच एकर, एकरी चौदा क्विंटल धान, एकूण पस्तीस. घरी खायला आठ ठेवलं, बाकी सत्तावीस आधारभूत केंद्रावर, क्विंटलला २,३६९ रुपये. चौसष्ट हजारांच्या आसपास. नांगरणी, खत, रोवणीची मजुरी, फवारणी जाऊन निम्मे. दोन माणसांच्या एका हंगामाचे बत्तीस हजार. बाबा म्हणाले, "धान तं निघते बाई, हातात राह्यते काय ते पाहा." नितेश खोली आणि मेस भागवून महिन्याला आठ हजार पाठवतो. वर्षाचे शहाण्णव. शेताच्या तिप्पट.

मग त्यांनी सरळ विचारलं, "आणि तो तुमाले किती कमवून देते?"

मला तो आकडा अचूक माहीत होता. एका पाळीत ३२० नग, त्यातून कारखान्याला मिळणारी रक्कम त्याच्या दिवसाच्या पगाराच्या सहापट. मशीनचा हप्ता, वीज, टूल, जागा असं बरंच त्यातून जातं, हेही माहीत होतं. मी म्हटलं, "चांगलं काम करतो तो." बाबांनी मान हलवली. हे उत्तर नाही, ते त्यांना कळलं होतं.

जेवायला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी, तळ्यातले झिंगे, जवसाची चटणी आणि नवा एचएमटी. या भाताला वास आहे. आमच्या घरी येईपर्यंत तो कुठं जातो देव जाणे.

आणि रात्री नाटक! दिवसभर गावात पाहुणे उतरत होते. प्रत्येक घरी दहा-पंधरा माणसं. दुपारी शंकरपट झाला, बैलजोड्या धावल्या. रात्री दहाला शेतात उभारलेल्या मंडपात आम्ही कांबळी घेऊन बसलो. पुढं खुर्च्या, मागं तणसावर बैठक. कंपनी वडशाची. पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, तिच्या रंगभूमीचं केंद्रच वडसा, तिथं नाटक कंपन्यांच्या कार्यालयांचे फलक ओळीनं लागतात. पेटी, तबला, मोठे आवाज, मोठ्या जखमा, मध्येच लावणी, मध्येच विनोदी नट शिरून सरपंचाची फिरकी घेणारा. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटे तीनला नायिकेला सासूनं घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या शेजारची आजी खरोखर रडत होती, आणि मी घड्याळ बघायचं विसरले होते.

तिकीट, चहाच्या टपऱ्या, भजी, खेळणी, दिव्यांचं भाडं, नटांची बिदागी: सगळा पैसा झाडीतलाच आणि झाडीतच फिरणारा. माझ्या दोन रकान्यांत हे कुठंच बसत नव्हतं.

नाटकाला जाणार असाल तर: जाड पांघरूण, रोख सुटे पैसे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीही ठरवू नका. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळं ती अपेक्षा घरी ठेवून या.

दिवस पाचवा: मेंढा (लेखा)

नियम मीच मोडला आणि तीन तास झोपून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले. सागाचं, मोहाचं दाट जंगल. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा, तीन-चतुर्थांशाच्या आसपास जंगलच. २००२ च्या राज्याच्या मानव विकास अहवालात तो सगळ्यांत शेवटी होता, पहिली मुंबई. पुढच्या, २०१२ च्या अहवालात शेवटचा क्रमांक नंदुरबारकडं गेला आणि गडचिरोली त्याच्या एक पायरी वर.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा ऐकून होते. गाव लहान, गोंडांचं, स्वच्छ. एक मध्यमवयीन गृहस्थ ग्रामसभेच्या घराशी भेटले, त्यांनी निवांत सांगितलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू तोडला तरी बाहेर न्यायचा परवाना वनखात्याकडं. तेव्हा झगडा. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

"पहिले बी आम्हीच कापत होतो," ते म्हणाले. "कंपनीसाठी. मजुरी भेटे. मंग बी आम्हीच कापला. पण इकला आम्ही."

बांबू तोच, कोयता तोच, कापणाराही तोच. मध्ये फक्त एक पावतीपुस्तक आलं. मी त्यांना विचारलं, रोजी एका माणसाचा किती बांबू निघतो? ते हसले. "कोण मोजते? जंगल राखून जेवढा निघते तेवढा." इथले निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बोलत बसतात. आमच्या उत्पादन आढाव्याच्या सकाळच्या मीटिंगला हे लावलं तर पहिली शिफ्टच सुरू होणार नाही, हेही तितकंच खरं.

संध्याकाळ गडचिरोलीत. लोक ऑक्टोबर २०२५ मधल्या घडामोडीबद्दल अजून बोलत होते: माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह इथंच शरण आला होता. चहावाला म्हणाला, "आता कंपन्या येतेल म्हणते. पाहू, कोणाच्या येतेत."

दिवस सहावा आणि सातवा: परत

मार्कंड्याला वैनगंगेकाठचं देऊळ पाहिलं. कोवळ्या उन्हात त्या शिल्पांसमोर तासभर गेला. वेळ कमी पडला, तुम्ही अर्धा दिवस ठेवा. चामोर्शीच्या बाजूला रस्त्यावर लाल धूळ. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज आणि कोनसरीचा नवा पोलाद कारखाना, दोन्ही याच भागात. एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि आमच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला. सुधीर चिडला, मी मात्र विचार करत होते की निदान या खनिजाचं पोलाद तरी जिल्ह्यातच होणार आहे. पोलादाचा पुढं नट-बोल्ट कुठं होणार, ते बघायचं. काचेवर चिकटपट्टी लावून मूल, चंद्रपूर करत रात्री जालना. अंतर मोठं आहे, मध्ये वर्ध्याला मुक्काम केला तर सुखाचं होईल.

नितेशची अजून चार दिवस रजा होती, तो गावीच राहिला. त्याच्या जागेवर मागच्या सीटवर त्याचा चुलतभाऊ बसला होता, आकाश. नुकताच फिटरचा आयटीआय झालेला. निघताना काकूंनी, म्हणजे नितेशच्या आईनं, मला विचारलं होतं, "एवढा येक बसंल का जी गाडीत?" त्याच्या पायाशी तांदळाचं पोतं, मांडीवर बॅग.

समृद्धीवर तो काचेला नाक लावून बसला होता. ट्रक मागं पडत होते. सुधीर म्हणाला, "खेळायचं का, कोणत्या ट्रकात काय?" मी म्हटलं, नको, झोप येतेय.

चाकणला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. नितेशची खोली चौकामागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. सहा खाटा, दोरीवर गणवेश, भिंतीवर आमच्या कारखान्याचं घड्याळ. आकाशनं पोतं आत ओढलं. रात्रीच्या शिफ्टला निघालेला एक मुलगा बूट घालता घालता थांबला, पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली, मूठभर तांदूळ हातात घेऊन हुंगला.

"एचएमटी का रे?"

"हव."

त्यानं बूट काढून ठेवले आणि कुकर शोधायला लागला.